नव्वदची कॅसेट

कॉलेजात असताना पुण्यातल्या एका दुकानात मी बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचा 'व्हाईट अल्बम' भरायला टाकला. तेव्हा कॅसेटी भरून मिळायच्या. कोरी कॅसेट आपण न्यायची, दुकानदार त्याच्याकडच्या एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, ती भरायचा आणि आतल्या कार्डावर बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहून द्यायचा. हा अल्बम दोन तबकड्यांचा, साधारण साडेत्र्याण्णव मिनिटांचा आणि मी दिलेली कॅसेट नव्वदची. ही अडचण मला माहीत नव्हती, दुकानदाराला होती.

"शेवटी शेवटी नुसता गोंधळ होता रे, तो काढलाय," कॅसेट हातात देताना तो म्हणाला. "त्याजागी चांगलं गाणं टाकलंय."

मी चक्क आभार मानले.

त्याने काढलेला गोंधळ म्हणजे 'रेव्होल्यूशन ९', आठ मिनिटं बावीस सेकंदांचा. त्याजागी आलं होतं 'हे ज्यूड', त्याच वर्षी, १९६८ साली, बीटल्सनी नुसती सिंगल म्हणून काढलेलं आणि अल्बममध्ये न घेतलेलं. मूळ गाणी तीस. एक गेलं, एक आलं, हिशेब तीसच. फक्त 'ए' बाजूचं शेवटचं गाणं, 'ज्युलिया', संपायच्या आत टेप संपायची आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर यायचं. गाणं तिथेच संपतं अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती, आणि मला तो शेवट आवडायचाही.

अभिजात रॉक अल्बम 'सुधारून' ऐकणाऱ्या चाहत्यांना लोक हसतात तेव्हा मला हा दुकानदार आठवतो. चाहत्यांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे व्हाईट अल्बममधला अर्धा माल काढून टाकून त्याचा एकच खणखणीत एलपी करणं. प्रत्येकाची यादी वेगळी आणि प्रत्येकाला स्वतःची यादी इतकी उघड वाटते, की बीटल्सना ती सुचली कशी नाही याचंच नवल. गंमत म्हणजे खुद्द जॉर्ज मार्टिनचं, त्यांच्या निर्मात्याचं, मत तेच होतं : दोन तबकड्यांऐवजी एकच जबरदस्त अल्बम करायला हवा होता. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीने पुढे त्यावर सांगितलं ते साधारण असं, की झाला तो झाला, खपला, बीटल्सचा व्हाईट अल्बम आहे तो, गप्प बसा.

चाहत्यांची दुरुस्ती कधी कधी अगदी रास्त असते. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम २००८ मध्ये आला तो आवाज इतका दाबून वर चढवलेला, की ढोल फाटल्यासारखे वाजत होते. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये मात्र मोकळी, श्वास घेत वाजत होती. चाहत्यांनी ती गेममधून उचलली आणि तीच ऐकू लागले. यात मला काहीच गैर दिसत नाही. भात करपला असेल तर खालची खरवड सोडून वरचा वाढून घ्यावा.

मेटॅलिकाच्याच १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'ची गोष्ट मला इतकी सोपी वाटत नाही. त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. बेस वाढवलेल्या, कोणी स्वतः वाजवून वर चढवलेल्या आवृत्त्या मी ऐकल्या आहेत. बऱ्या वाटतात, भरीव वाटतात. पण आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि त्यानंतरचा हा पहिला पूर्ण अल्बम. त्यातला तो कोरडा, हाडं दिसणारा आवाज कोणाच्या हट्टापायी आला असेल तो असो. बेस भरला की ते घर पुन्हा नांदतं होतं, आणि मला ते तसं नको असतं.

'रेव्होल्यूशन ९' मला भेटलं ते पुढे नोकरी लागल्यावर, सीडी घेतली तेव्हा. एक माणूस 'नंबर नाईन' म्हणत राहतो, मागे पियानो, उलट्या फिरणाऱ्या टेपा, गर्दीचा आरडाओरडा. चौथ्या मिनिटाला मी मनोमन दुकानदाराला नमस्कार केला. मग ते एकदाचं संपलं आणि 'गुड नाईट' सुरू झालं.

हे गाणं माझ्या कॅसेटवर होतं. बीटल्सच्या जॉन लेननने आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली अंगाई, गायलीय त्यांच्या ड्रमरने, रिंगो स्टारने, मागे व्हायोलिनांचा ताफा. मला ते कायम पाकात बुडवल्यासारखं वाटायचं आणि मी पुढे ढकलायचो. त्या दिवशी, आठ मिनिटांच्या त्या वरवंट्यानंतर रिंगोचा साधा, जरासा घोगरा आवाज आला आणि मी खुर्चीत मागे टेकलो. दंगलीतून घरी आल्यावर कोणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसं. जॉन, पॉल आणि मार्टिन यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत सलग चोवीस तास बसून हा गाण्यांचा क्रम लावला होता. दुकानदाराने फक्त गोंधळ काढला नव्हता, त्याच्या पुढचं गाणंही बिघडवलं होतं.

एवढं कळूनही गाडीत ऐकायला मी माझी यादी केलीच. पहिल्यांदा चौदा गाणी. मग 'ओब-ला-दी, ओब-ला-दा' संपलं की पुढे 'वाईल्ड हनी पाय' येईना, ती त्रेपन्न सेकंदांची विचित्र किरकिर, आणि स्टिअरिंगवर बोटं नुसतीच वाट बघत राहायची. ते घातलं. मग एकेक करत बाकीची शिरली. 'डोन्ट पास मी बाय'ला मी वर्षभर दाराबाहेर उभं ठेवलं होतं, शेवटी त्यालाही आत घेतलं. आज यादीत एकोणतीस आहेत. 'रेव्होल्यूशन ९' अजून बाहेर आहे, कारण गाडीत बायकोही असते.

'ज्युलिया' आता पूर्ण वाजतं. शेवटचं एक मिनिट राहिलं की मात्र मी बटण खटकन वर येण्याची वाट बघतो.