पोटात पैसे असलेला हत्ती

तारकर्लीचे दोन दिवस छान गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी रांग मोठी होती आणि मासे पोटभर खाल्ले. त्याबद्दल एवढंच. लिहायचंय ते कुडाळजवळच्या एका घरातल्या मातीच्या हत्तीबद्दल.

तारकर्लीच्या रिसॉर्टमध्येही मातीचे हत्ती-घोडे होते. सोनेरी रंग मारलेले, टेबलाला चिकटवलेले. लेकीने घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला तर माणूस धावत आला, "हात लावू नको." मला फार राग आला. मातीची वस्तू हातात घ्यायची नाही, तर ती कळणार कशी?

तिसरा मुक्काम कुडाळजवळ एका काकींकडे होता. सकाळी खळ्यात त्यांचा नातू मांडीवर हत्ती घेऊन बसला होता. नारळाएवढा, सोंड वर केलेली, पाठीवर नाणं जाईल एवढी चीर, एका कुशीवर काळा डाग. रोजच्या हाताळण्याने पाठ गुळगुळीत झाली होती. असा हत्ती विकत मिळेल का, म्हणून मी विचारलं.

"तो शोभेचो नाय गो," काकी म्हणाल्या. "तेच्या पोटात झिलाचे पैशे आसत."

आणि तो त्याच सकाळी फोडायचा होता, बॅटीसाठी. मी मध्येच बोलले, "काकी, फोडू नका ना, बॅटचे पैसे मी देते." त्या काही बोलल्या नाहीत. पोराने मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. चतुर्थीपासून साठवलेले पैसे होते त्याचे. नारळ फोडावा तसा त्याने हत्ती पायरीवर आपटला. नाणी खळ्यात चहूकडे घरंगळली.

काकींनी खापऱ्या वेचल्या. दोन मोठ्या अबोलीच्या रिकाम्या कुंडीत, तळच्या भोकावर ठेवल्या, म्हणजे पाणी निथळतं आणि माती वाहून जात नाही. सोंडेसकट डोकं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. तिथे आधीची चार डोकी होती, शेवाळ चढलेली. सगळ्यात जुनं पोराच्या बापाच्या दप्तराचं. मी कितीतरी वेळ त्या कट्ट्यापाशी उभी होते. एवढी देखणी मांडणी मी कुठल्याच दिवाणखान्यात पाहिलेली नाही.

त्या दिवशी सावंतवाडीची लाकडी खेळणी बघायची ठरली होती. ती सुंदरच असतात, पण आम्ही गेलो कुंभाराकडे.

अंगणात मडकी, पणत्या आणि घुमट या तालवाद्याची मातीची भांडी वाळत होती. (घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात.) कुंभारीणबाईंनी हत्ती करून दाखवला. आधी चाकावर छोटं गाडगं, ते आडवं केलं की पोट. मग पाय, कान, सोंड चिकटवायची. भरीव हत्ती भट्टीत तडकतो. मातीत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की अंग फोडून बाहेर पडते. म्हणून पोकळ पोटाला भोक हवंच. शोकेससाठी बिनचिरेचे हत्ती मागणारे येतात, तेव्हा त्या पोटाखाली भोक पाडतात. मला हे फार आवडलं. पैशाची चीर हत्ती भाजण्यासाठीही लागतेच.

काळ्या डागाचंही कळलं. जिथे मोकळी हवा लागते तिथे मातीतलं लोह लाल होतं, धूर कोंडतो तिथे अंग काळं पडतं. बाई बिनडागाचा निवडून देत होत्या, मी डागाचा घेतला. भाव केला नाही, आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

मांडवी एक्स्प्रेसमध्ये पेंढ्यात गुंडाळलेला हत्ती लेकीच्या मांडीवर होता. कणकवली यायच्या आत तिने पेंढा बाजूला केला, माझ्याकडून पाच रुपये मागून घेतले आणि चिरेतून आत टाकले. रत्नागिरीपर्यंत ती तो कानाशी धरून हलवत होती.