लेखलर आणि कुदातचे हाक्का

आपल्या कोकणातल्या घरांवरच्या मंगलोरी कौलांमुळे बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे नाव आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पण त्याच मिशनचे धर्मप्रसारक रुडॉल्फ लेखलर यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, ही उणीव मला मनापासून खटकते. १८४७ साली ते सहकारी धर्मप्रसारक थिओडोर हाम्बर्ग यांच्यासोबत हाँगकाँगला उतरले. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या भाषिक समाजातील त्यांच्या प्रयत्नांना यश आले नाही आणि पुढे दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील हाक्का समाज हेच त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र ठरले.

हा समाज कष्टाळू, पण जमिनीच्या बाबतीत कायम उपेक्षित. शेतात पुरुषांच्या बरोबरीने राबणाऱ्या हाक्का स्त्रिया, पावले लहान ठेवण्याच्या तेव्हाच्या चिनी रूढीप्रमाणे, पाय बांधून घेत नसत. स्थानिक पुंती लोकांशी झालेला दीर्घ रक्तरंजित संघर्ष आणि चीनच्या चिंग राजवटीविरुद्धचे, १८६४ साली मोडून पडलेले ताइपिंग बंड, ज्याचा नेता स्वतः हाक्का होता, यांमुळे अनेकांना गावात राहणे अशक्य झाले.

उत्तर बोर्निओचा (आजचे मलेशियातील साबा) कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीला जंगल तोडून शेती करणारी माणसे हवी होती. कंपनीच्या वतीने वॉल्टर मेडहर्स्ट यांनी लेखलर यांच्याशी संपर्क साधला आणि १८८३ साली हाक्का ख्रिस्ती कुटुंबे तिथल्या कुदात या ठिकाणी पोहोचली. एकेकटे मजूर नव्हेत, तर बायकामुलांसह संपूर्ण कुटुंबे गेली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणूनच तिथे केवळ मजुरांचा तळ न पडता प्रार्थनागृहे आणि शाळा असलेली वस्ती उभी राहिली. आजच्या साबामधील बासेल ख्रिश्चन चर्चची मुळे याच स्थलांतरात आहेत.