वेल्डिंग मशीन: वायरिंग आणि गेट झालं, ओम्नीचा सिल चालू

घरच्या वेल्डिंगची कामं दोन, मशीन घ्यायचं ते त्यांच्यासाठी. खळ्याचं गेट १६ गेजच्या चौकोनी पाईपचं, म्हणजे जाडी साधारण १.६ मिमी. दुसरं, ओम्नीच्या दाराखालचा गंजलेला सिल. गाडीचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी. मशीन ठरतं ते या दुसऱ्या कामावर. गेट कुठल्याही आर्क इन्व्हर्टरने (रॉडने जोडणाऱ्या मशीनने) होतं: १२ नंबरचा (२.५ मिमी) ई-६०१३ रॉड, ७० अँपिअरच्या आसपास. तोच रॉड गाडीच्या पत्र्याला लावला की होल पडतं, आणि भरायला जावं तर ते मोठं होत जातं. म्हणून एकच मशीन घ्यायचं असेल तर मिग (रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सरकते ते) आणि आर्क दोन्ही असलेलं, सिंगल फेज, २०० अँपिअरचं घ्यावं.

दुकानात वरचा आकडा सगळेच सांगतात. विचारायचं ते हे, की खाली किती अँपिअरला आर्क टिकतो. ३०-४० ला फडफडत असेल तर पत्र्याला ते मशीन निरुपयोगी. मागच्या प्लेटवर ड्यूटी सायकल वाचा: ४० अंशाला ६० टक्के म्हणजे दर १० मिनिटांत ६ मिनिटं आर्क, ४ मिनिटं विश्रांती. हा आकडाच नसेल तर मशीन तिथेच ठेवून यावं. टॉर्चची (तार बाहेर येते त्या हातातल्या दांड्याची) पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, हीही बदलता आली पाहिजे. गॅसवरच्या भरीव तारेला टॉर्च प्लसला लागतो, बिनगॅसच्या फ्लक्स-कोअर (आत फ्लक्सची पूड भरलेल्या) तारेला मायनसला. उलटं जोडलं की छर्रे उडतात आणि टाका (वेल्डचा सांधा) वरच्या वर बसतो.

आता वीज, कारण कोकणात निम्मी रडारड इथलीच असते. १०० अँपिअरच्या आर्कला साधारण २४ व्होल्ट, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा भाग) धरला तर २३० व्होल्टवर १७-१८ अँपिअर ओढले जातात. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट इथेच कमी पडला. वाडीत संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आला की त्याच कामाला २२ च्या वर जातात. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन टाकली: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २५ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी, इंडस्ट्रियल सॉकेट. ३० मीटरची १.५ चौरस मिमीची एक्स्टेंशन एवढ्या करंटला १२ व्होल्ट खाते, ४ चौरस मिमीची साडेचार. मुळात १८० असताना आणखी १२ गेले की रॉड चिकटू लागतो आणि दोष रॉडला दिला जातो. जनरेटरवर चालवायचं तर ५ केव्हीएच्या खाली जाऊ नये. अर्थिंगही तपासा. जांभ्यात ओल टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडावं लागतं.

मिगचा गॅस टाक्याला हवा लागू देत नाही; त्याला शत्रू एकच, वारा. दुपारी खारा वारा सुटला की पडवीतसुद्धा टाक्यात किड्याने पोखरल्यासारखी भोकं दिसतात. गॅस वाढवून उपयोग नाही. जास्त प्रवाहात भोवरे होऊन हवा उलट आत ओढली जाते. मिनिटाला १० लिटर ठेवा, वाऱ्याच्या बाजूला प्लायचा आडोसा करा, पत्र्याचं काम सकाळी उरका. एक किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे साधारण ५४० लिटर, तेवढ्यात पाऊण तासाहून थोडा जास्त आर्क मिळतो. सिलिंडर कुठे भरून मिळतो हे मशीन घेण्याआधीच विचारून ठेवा.

सिलच्या चाचणीपट्ट्या आता नीट येताहेत. ०.८ मिमी ईआर७०एस-६ (साध्या लोखंडासाठीची भरीव) तार, १६ व्होल्टच्या आसपास, तारेचा वेग मिनिटाला तीनेक मीटर, टॉर्चच्या टोकाच्या टिपेबाहेर ८-१० मिमी तार. सलग ओढायचं नाही. एक ठिपका, मग २५-३० मिमी सोडून दुसरा, लाली गेल्यावर मधले. सलग ओढलं की पत्रा फुगतो आणि ठोकून पूर्ण सपाट होत नाही. फट असेल तिथे मागून तांब्याची पट्टी दाबून धरा. टाका तांब्याला चिकटत नाही. गंज निघून चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडर मारा. कडेला बोटाने दाबून पत्रा दबला तर आणखी कापा, तिथे टाका धरणारच नाही. जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून काढा, तो जळाल्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो.

गाडीवर टाका मारण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, अर्थचा क्लॅम्प टाक्यापासून वीतभर अंतरावर उघड्या लोखंडाला लावायचा, पेट्रोलची नळी आणि आतलं मॅटिंग बाजूला करायचं, अग्निशामक हाताशी ठेवायचा. स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या भागांना घरी हात लावू नये.

आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) तयारीत मशीनचाही नंबर लावा. खारी हवा पंख्यातून थेट मशीनच्या सर्किट बोर्डावर जाते, वर ग्राइंडरचा लोखंडी भुसा बसला की शॉर्ट ठरलेलाच. त्यामुळे ग्राइंडर मशीनच्या मागच्या बाजूला कधीच चालवू नये. पावसाळ्यात मशीन जमिनीवर न ठेवता बल्ब लावलेल्या कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं पंखा फिरवा. मशीनच्या हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, पाल आत शिरली की बोर्ड गेला. मिगच्या तारेचं रीळ काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवायचं. तारेवर तपकिरी डाग आला की ती लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधल्या तारेच्या नळीत) अडकते, रोलर घसरतो आणि टीप जळते. ई-६०१३ दमट झाला तर १०० ते १२० अंशांवर तासभर. ई-७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड) ला ३०० च्या वर तापवणारी भट्टी लागते. ती नसेल तर तो रॉड घरी आणूच नये.

बाकी राहिलं ते असं: डाव्या बाजूचे शेवटचे ठिपके, जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), मग सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). वॅक्स टाके पूर्ण झाल्यावरच, आधी मारलं तर पेट घेतं.