पर्क, ताण आणि मधुमेह: आंतर्द्रव्यजालिकेच्या निमित्ताने

पर्क नावाच्या एका प्रथिनाविषयीची दोन निरीक्षणे शेजारी शेजारी ठेवली, की आंतर्द्रव्यजालिकेवरील (पेशीत प्रथिने घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्यावरील) ताण हा विषय किती अवघड आहे हे लगेच ध्यानात येते. ज्या बाळांमध्ये या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांना बहुधा जन्मानंतरच्या काही महिन्यांतच मधुमेह होतो, हाडांची वाढ बिघडते आणि यकृत वारंवार निकामी होण्याचा धोका राहतो. १९७२ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा वोलकॉट-रॅलिसन सिंड्रोम. याउलट, प्रायॉनची, म्हणजे मेंदूचा आजार पसरवणाऱ्या चुकीच्या घडीच्या प्रथिनाची, लागण केलेल्या उंदरांमध्ये हेच प्रथिन औषधाने रोखले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील चेतापेशी वाचल्या, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र त्याच उंदरांचे वजन घटले आणि स्वादुपिंडाला इजा झाली. ताण कमी केला की रोग हटेल, असे सरळ गणित मांडणारे लेख वाचताना मला ही जोडी हटकून आठवते.

पेशीत तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश प्रथिने, म्हणजे जी पेशीबाहेर स्रवायची किंवा पटलात बसवायची असतात ती, आंतर्द्रव्यजालिकेतून जातात. तिथे त्यांची घडी बसते, सिस्टीन या अमिनो आम्लांच्या जोड्यांमध्ये गंधकाचे बंध तयार होतात आणि शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात. घडी नीट न बसलेली प्रथिने साचू लागली, की त्याला ताण म्हणतात, आणि त्यावर पेशी जो प्रतिसाद देते त्याला संशोधक यूपीआर (अनफोल्डेड प्रोटीन रिस्पॉन्स) या संक्षिप्त नावाने ओळखतात. सस्तन प्राण्यांत हा प्रतिसाद तीन संवेदक सुरू करतात: आयआरई-१, पर्क आणि एटीएफ-६. यांपैकी आयआरई-१चे काम यीस्टमध्ये १९९३ मध्ये काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे उघड केले; २०१४ चा लास्कर पुरस्कार या दोघांना विभागून मिळाला.

आयआरई-१ची कार्यपद्धती मला विशेष विलक्षण वाटते. आरएनएची काटछाट एरवी केंद्रकात होते. इथे मात्र एक्सबीपी-१ या प्रथिनाच्या आरएनएमधून अवघ्या २६ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा केंद्रकाबाहेर कापला जातो, उरलेली टोके जोडली जातात, आणि त्यातून जे प्रथिन तयार होते ते केंद्रकात जाऊन घडी बसवणाऱ्या व सदोष प्रथिने हलवणाऱ्या यंत्रणेची जनुके चालू करते. पर्कचा मार्ग वेगळा आहे. ते ईआयएफ-२-अल्फा या घटकाला फॉस्फेट जोडते आणि त्यामुळे बहुतेक प्रथिनांचे उत्पादन मंदावते, म्हणजे आत येणारा भार हलका होतो. पण हा आदेश फार काळ टिकला तर पेशीला लागणारी आवश्यक प्रथिनेही तयार होईनाशी होतात, शिवाय चॉप नावाचे प्रथिन वाढून पेशी मृत्यूच्या वाटेला लागते. प्रायॉनबाधित चेतापेशींमध्ये उत्पादन असेच दीर्घकाळ थांबलेले असते, म्हणून पर्क रोखल्याचा त्यांना फायदा झाला. स्वादुपिंडाला मात्र हाच लगाम रोज लागतो. आयएसआरआयबी हे रसायन पर्कला न रोखता त्याच्या पुढच्या टप्प्यावर काम करते आणि उत्पादन अंशतःच पूर्ववत करते; उंदरांमध्ये त्याने चेतापेशींना संरक्षण मिळाले आणि स्वादुपिंडाची तशी हानी दिसली नाही.

मधुमेहाच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा अकिता उंदराचा आहे. इन्सुलिनच्या रेणूत गंधकाचे तीन बंध असतात. या उंदराच्या इन्सुलिनच्या एका जनुकात ९६ व्या स्थानावरील सिस्टीनच्या जागी टायरोसिन येते, आणि त्यामुळे रेणूच्या दोन साखळ्यांना जोडणारा एक बंध तयारच होत नाही. उंदरात इन्सुलिनची दोन जनुके असतात आणि त्यांतले हे जनुक पूर्ण काढून टाकले तरी उंदराला मधुमेह होत नाही. बिघडलेली एक प्रत मात्र मधुमेहाला पुरेशी ठरते. म्हणजे इथला दोष इन्सुलिन कमी पडण्यापासून सुरू होत नाही, तर नीट घडी न बसलेला रेणू स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीतच अडकून राहण्यापासून सुरू होतो. या उंदरातून चॉपचे जनुक वगळले तर मधुमेहाची सुरुवात लांबते. माणसांतही इन्सुलिनच्या जनुकातील अशाच बदलांमुळे नवजात बालकांना मधुमेह झाल्याचे आढळले आहे. टाइप २ मधुमेहाचे चित्र इतके स्वच्छ नाही: लठ्ठ उंदरांच्या यकृतात व चरबीत ताणाच्या खुणा वाढलेल्या असतात आणि त्याचा इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादाशी संबंध आहे, हे २००४ मध्ये दाखवले गेले, पण माणसात तो कितपत मूळ कारण आणि कितपत परिणाम, हा वाद मला अजून मिटलेला वाटत नाही.

मल्टिपल मायलोमा या कर्करोगात हेच गणित उलटे फिरते. प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींची ही वाढ असते आणि त्या पेशी मुळातच ताणाच्या काठावर जगत असतात. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिआसोम ही प्रथिने मोडणारी यंत्रणा अडवते, सदोष प्रथिनांची विल्हेवाट थांबते, आणि आधीच काठावर असलेली पेशी ताण वाढल्याने मरते. औषधाच्या परिणामाचे हे एकमेव स्पष्टीकरण नव्हे, तरी महत्त्वाचे आहे.

प्रथिनाची घडी बिघडणारा प्रत्येक आजार या खात्यात टाकणेही चूक ठरेल. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात, पेशीपटलातून क्षार ये-जा करू देणाऱ्या वाहिनीचे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेतच अडवले जाऊन नष्ट केले जाते. रुग्णाचे मुख्य नुकसान ते पेशीच्या पृष्ठभागावर न पोहोचल्याने होते.

ताण हलका करणारी म्हणून दोन रसायने वर्षानुवर्षे प्रयोगशाळांत वापरली जातात, सोडियम फेनिलब्युटिरेट आणि टॉरुरसोडिऑल. उंदरांत त्यांनी आशादायक परिणाम दाखवले होते. या दोहोंचे मिश्रण एएलएस या चेतारोगासाठी १३७ रुग्णांच्या चाचणीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढे ६६४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर औषध आणि निष्क्रिय पर्याय (प्लासिबो) यांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये निर्मात्यांनी ते बाजारातून मागे घेण्याचे जाहीर केले. ताणाचा सिद्धांत त्यामुळे खोटा ठरला असे मी म्हणणार नाही, कारण रुग्णांच्या चेतापेशींतील ताण औषधाने प्रत्यक्ष किती उतरला हे त्या चाचणीच्या मुख्य निकषात मोजलेलेच नव्हते.