प्रत्यय नाहीत, जागा आहे: इंग्रजी वाक्य शिकतानाचा माझा अनुभव

इंग्रजी वाचणं मला कधी जड गेलं नाही. लिहायला बसलं की मात्र पूर्णविराम कुठे द्यायचा, स्वल्पविराम कुठे चालेल, क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, हे सगळं कानावर सोपवावं लागे, आणि कान मराठीवर पोसलेला. नोकरीत रोज इंग्रजीतून अहवाल लिहायचे होते. तेव्हा नवे शब्द पाठ करणं बाजूला ठेवलं आणि वाक्याची बांधणी मुळापासून शिकायला घेतली.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्माच्या आधी, हे शाळेपासून माहीत होतं. पण ते तसं का, हे कोणी सांगितलं नव्हतं. “कुत्रा माणसाला चावला” म्हणा किंवा “माणसाला कुत्रा चावला” म्हणा, चावणारा कुत्राच राहतो, कारण “ला” हा प्रत्यय सगळं सांगून टाकतो. “द डॉग बिट द मॅन” यातल्या नामांची अदलाबदल केली की माणूस कुत्र्याला चावतो. इंग्रजीचं पूर्वी असं नव्हतं. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्द बरेच मोकळेपणाने हलवता येत. पुढच्या शतकांत ते प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या जागेकडे आलं. “ही” आणि “हिम” यांसारख्या सर्वनामांत त्यांची खूण अजून दिसते. हे वाचल्यावर इंग्रजी शब्दक्रम हा मला जाचक नियम वाटेनासा झाला.

यानंतर मी वाक्यांच्या आकृत्या काढायला लागले. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन अमेरिकन शिक्षकांनी 1877 साली रूढ केलेली ही पद्धत आहे. एक आडवी रेघ ओढायची, तिला छेदणारी उभी रेघ काढायची, डावीकडे कर्ता आणि उजवीकडे क्रियापद लिहायचं. बाकी विशेषणं, क्रियाविशेषणं, शब्दयोगी तुकडे त्या रेघेखाली तिरके टांगायचे. पद्धत जुनी आहे, आज फारसं कोणी वापरत नाही, पण मला तिचा फार उपयोग झाला. आकृती काढायची तर मुख्य क्रियापद कोणतं हे आधी ठरवावंच लागतं, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

“वॉकिंग”, “टू वॉक”, “वॉक्ड” ही सगळी क्रियापदंच दिसतात. यातलं वाक्य पेलणारं कोणतं? त्यासाठी मी एक कसोटी धरली: वाक्याचा काळ बदलून पाहायचा. “शी वॉन्ट्स टू लीव्ह” हे कालचं करायचं तर “वॉन्टेड” होतं, “टू लीव्ह” तसंच राहतं. जो शब्द बदलतो तो वाक्याचा कणा. असा शब्द आणि त्याचा कर्ता सापडला नाही, तर ते वाक्य नाही, तुकडा आहे.

तरीही एक प्रकारचा तुकडा या कसोटीतून निसटतो. “बिकॉज ही वॉज इल” यात कर्ता आहे, काळ दाखवणारं क्रियापद आहे, पण “बिकॉज”मुळे ते दुसऱ्या वाक्यावर अवलंबून आहे. मराठीत आपण “तो आला नाही. कारण त्याला ताप होता.” असं पूर्णविराम देऊन सहज लिहितो आणि कोणाला खटकत नाही. औपचारिक इंग्रजीत दुसरा भाग एकटा उभा राहत नाही. “ऑल्दो”चंही असंच. त्यात आणखी “जरी... तरी” ही आपली जोडी डोक्यात असते, म्हणून “ऑल्दो”नंतर “बट” आपोआप येतं. इंग्रजीला दोहोंपैकी एकच हवं.

स्वल्पविरामाने मला जास्त वेळ घेतला. “पाऊस थांबला, आम्ही निघालो” हे मराठीत छान वाटतं. “द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट” याला मात्र कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि ती चूक धरतात. स्वतःच्या पायावर उभी असलेली दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तिथे पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा, किंवा फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एक उभयान्वयी अव्यय घालावं. एका वाक्याला “व्हेन” किंवा “आफ्टर” लावून गौण केलं तरी चालतं. “हाउएव्हर”, “देअरफोर” आणि “देन” या यादीत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारे शब्द हेच. अर्थ जोडतात, पण व्याकरण जोडत नाहीत.

वचनाच्या चुकीमागचं कारण सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. “पुस्तकांची यादी” यात मुख्य शब्द “यादी” शेवटी येतो, म्हणजे क्रियापदाकडे जाताना कानात तोच असतो. इंग्रजीत उलटं, “द लिस्ट ऑफ बुक्स”. क्रियापदापर्यंत पोचताना कानात “बुक्स” घुमत असतं आणि हात “आर” लिहितो. हवं असतं “इज”. तेव्हापासून “ऑफ”, “विथ”, “अलाँग विथ” यांनी सुरू होणारा तुकडा मी मनातल्या मनात झाकते आणि उरलेल्यावर क्रियापद ठरवते.

सर्वांत रमले ते लोंबकळत्या विशेषणांत. “ते गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं.” मराठीत ऐकणारी मी आणि पाणी येणारे डोळेही माझेच, हे सांगावं लागत नाही. “हिअरिंग द साँग, टिअर्स केम टू माय आइज” असं लिहिलं की इंग्रजीत गाणं ऐकणारे अश्रूच ठरतात, कारण सुरुवातीच्या तुकड्याचा कर्ता पुढच्या वाक्याचाच कर्ता धरला जातो. “चालताना पाऊस लागला” याचंही तेच, तिथे पाऊस चालू लागतो. आपली “ऊन” आणि “ताना” ही रूपं मोकळी आहेत, इंग्रजीची “इंग” बांधलेली. म्हणून “व्हेन आय हर्ड द साँग” असा कर्ता उघड सांगितला की प्रश्न मिटतो.

अप्रत्यक्ष प्रश्न त्यामानाने लवकर सुटले. “व्हेअर इज ही?” हा प्रश्न, पण “आय डोंट नो व्हेअर ही इज” हे विधान, म्हणून आत कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी. “इट इज रेनिंग”मधला “इट” काहीच दाखवत नाही, तरी कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून बसवलेला असतो. मराठीत कर्ता गाळून आपण परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो, त्यामुळे हे अंगवळणी पडायला सराव लागतो.

आता अहवाल तपासताना मी शेवटच्या वाक्यापासून उलटी वर जाते. ओघाने वाचलं तर अर्थ ओढून नेतो आणि बांधणी दिसत नाही. सुटं वाक्य समोर आलं की आधी क्रियापद, मग कर्ता, मग जोड. “अ” आणि “द” यांच्या निवडीसाठी मात्र पूर्ण संदर्भ हवा, म्हणून त्यांची फेरी मी वेगळी घेते, वरून खाली.