लंडनचा नाताळ, मित्रांसोबत आणि पायी

२५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, चालत नाही. बस नाही, ट्राम नाही, डीएलआर ही पूर्व लंडनची हलकी रेल्वे नाही, उपनगरी गाड्याही नाहीत. २४च्या संध्याकाळपासूनच फेऱ्या आटोपायला लागतात. २६ला ट्यूब उशिरा आणि कमी फेऱ्यांनी सुरू होते, पण शहराबाहेर जाणारी बहुतेक रेल्वे त्याही दिवशी बंदच असते. लोकलच्या भरवशावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून खरं वाटत नाही, आणि आपल्याकडून जाणारे मित्रांचे गट नेमके इथेच अडकतात. दोघं हॅरोला, तिघं ग्रीनिचला आणि जेवण भलत्याच टोकाला. म्हणून या सहलीत विमानाच्या तिकिटाआधी घर ठरवायचं. सगळे एका छपराखाली, नाहीतर एकमेकांपासून चालत वीस मिनिटांच्या आत.

आम्ही सहा जणांनी पॅडिंग्टन–बेझवॉटर भाग निवडला आणि पुढच्यांनाही तोच सुचवतो. हीथ्रोहून पॅडिंग्टनला थेट गाडी येते (२५ सोडून), हाइड पार्क दारात आहे, आणि एजवेअर रोडवरची अरबी हॉटेलं पायी गाठता येतात. फ्लॅट घेताना पलंग मोजले जातात, स्वयंपाकघर कोणी बघत नाही. ओव्हनच्या आतला फोटो मागवा, भाजायचा खोल ट्रे आहे का ते विचारा, आणि फ्रिज किती मोठा आहे ते बघा. सहा माणसांच्या जेवणाला टेबलाखालचा छोटा फ्रिज पुरत नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. डिसेंबरची वाट बघू नका, ऑक्टोबरमध्येच उरका. २५ला उतरणारं विमान स्वस्त दिसतं. त्या दिवशी विमानतळावरून शहरात यायला टॅक्सी किंवा आधी आरक्षित केलेला कोचच उरतो, आणि टॅक्सीला सणाचा जादा आकार असतो. तिकिटात वाचलेले पैसे तिथेच जातात. २२ किंवा २३ला पोहोचणं उत्तम.

घरचा फराळ न्यायचा असेल तर सामान जरा विचार करून भरा. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खव्याची बर्फी, तुपाची बरणी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. चकली, तेलातले शंकरपाळे, वसई-गोव्याकडची कुलकुलं, कोरडा फ्रूटकेक यांची अडचण येत नाही. फटाक्यासारखे ओढायचे क्रॅकर्स लंडनमध्येच विकत घ्या, तेही विमानाने परत आणायचा विचार करू नका; त्यात फटाक्याच्या दारूची बारीक पट्टी असते आणि अनेक विमान कंपन्या ते नाकारतात. औषधांचंही तसंच. सणात उघडी फार्मसी शोधणं कठीण, आणि सुपरमार्केटात पॅरासिटामॉलच्या १६ गोळ्यांची दोनच पाकिटं एका वेळी मिळतात. जिवावर न बेतलेल्या दुखण्याला फोन १११ला, जिवावरच्या प्रसंगाला ९९९ला.

खरेदी २३ला पूर्ण करा. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना २५ला उघडायला २००४च्या कायद्याने मनाई आहे. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडू शकतात, पण तिथे दूध-पाव-अंडी मिळतील, टर्की नाही. २४च्या दुपारनंतर सुपरमार्केटात पिवळ्या चिकटपट्टीचा सवलतीचा माल दिसायला लागतो. ब्रेड, भाज्या, केक अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, मात्र त्यावर मुख्य जेवण टांगू नका. जे उरतं तेच तिथे असतं.

आता टर्की, कारण जेवण बिघडतं ते बहुतेक वेळा तिच्यावरच. सहा जणांना ४ किलोची पुरते. गोठवलेली असेल तर फ्रिजमध्ये किलोमागे १० ते १२ तास लागतात, म्हणजे जवळपास दोन दिवस. २३च्या सकाळी फ्रिजमध्ये ठेवली तर २५च्या सकाळी तयार. ओट्यावर ठेवून घाई केली की बाहेरचा थर गरम होतो, आत बर्फ राहतो, आणि भाजून झाल्यावरही हाडाजवळ कच्ची निघते. दुसरी चूक आपल्या हाताच्या सवयीची: मांस नळाखाली धुणं. इथे ते करू नका. कच्च्या कोंबडी-टर्कीवरचे कॅम्पिलोबॅक्टर जंतू शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा, कोशिंबिरीच्या भांड्यापर्यंत पोहोचतात. ते मरतात उष्णतेने, पाण्याने नाही. कागदाने टिपून घ्या, हळद-मीठ-लिंबू-लसूण लावायचं असेल तर आदल्या रात्री लावा आणि झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा.

ओव्हन १८० अंशांवर. साडेचार किलोपर्यंत किलोमागे ४५ मिनिटं, वर २० मिनिटं. आपल्या ४ किलोला ३ तास २० मिनिटं झाली. पोटात सारण भरू नका, त्याने हिशेब चुकतो. सारण वेगळ्या भांड्यात भाजा. मांडीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून ७० अंश दोन मिनिटं टिकले की झालं. थर्मामीटर नसेल तर तिथे सुरी खुपसून बघा: रस स्वच्छ यायला हवा, आतून वाफ यायला हवी आणि गुलाबी रंग कुठेही दिसता कामा नये.

छोट्या ओव्हनमध्ये बटाटे आणि टर्की एकत्र मावत नाहीत. त्याची गरजही नाही. टर्की बाहेर काढल्यावर फॉइलखाली ४५ ते ५० मिनिटं मुरू द्यायची, तेवढ्यात बटाटे होतात. मॅरिस पायपर जातीचे बटाटे आठ-दहा मिनिटं उकळून, पाणी काढून, पातेल्यात जोरात हलवा, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि त्याच कुरकुरीत होतात. आधीच तापवलेल्या तेलाच्या ट्रेमध्ये २०० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. ब्रसेल्स स्प्राउट्स उकडून कोणालाच आवडत नाहीत. उभे चिरून मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत परतले की संपतात.

फोडणीचं मात्र सांभाळा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म स्वयंपाकघराच्या अगदी बाहेर असतो आणि तेल धुरावलं की वाजायला लागतो. काही इमारतींत एक वाजला की सगळी इमारत खाली उतरते. पंखा आणि खिडकी आधी चालू करा, दार लावा, लाल मिरची गॅस मंद करून टाका. अलार्मवर पिशवी बांधणं हा उपाय नाही, तो धोका आहे. ट्रेमधली चरबी सिंकमध्ये ओतू नका. थंड पाइपात ती मेणासारखी गोठते, आणि त्या दिवशी प्लंबर मिळत नाही. रिकाम्या डब्यात ओता, गोठली की कचऱ्यात.

शाकाहारी मित्र असतील तर पाकिटं वाचा. मिन्स पाय या नाताळच्या गोड पदार्थातल्या ‘मिन्समीट’मध्ये मांस नसतं, मनुका-मसाले असतात, पण त्यात आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये गाईची चरबी, म्हणजे सुएट, असू शकते. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलंच घ्या. ब्रँडीही अनेकांत असते.

२४च्या रात्री मिसेला जायचं असेल तर चालत जाता येईल असं जवळचं चर्च शोधा. वेळ आधी बघा, काही ठिकाणी ‘मध्यरात्रीची’ मिसा नऊ-दहालाच होते. ख्रिस्ती नसलात तरी बसता येतं, तिकीट सहसा नसतं. कॅथीड्रलमध्ये मात्र तासभर आधी रांग लागते आणि परतताना ट्यूब मिळत नाही.

२५चा आमचा क्रम असा होता आणि तो जमून येतो. उजाडतं आठनंतर. हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तलावावर १८६४पासून नाताळच्या सकाळी १०० यार्डांची पोहण्याची शर्यत होते, नऊ वाजता. पोहतात फक्त तिथल्या पोहण्याच्या क्लबचे सभासद, पण काठावर उभं राहून बघायला सगळे मोकळे. बेझवॉटरहून दक्षिण काठापर्यंत पंचवीस मिनिटं धरा. नऊला भारतात अडीच वाजलेले असतात, जेवणं झालेली असतात. घरी व्हिडिओ कॉल तलावाच्या काठावरूनच करा. रात्रीवर ठेवला तर इथे आठ वाजेपर्यंत तिकडे दीड वाजतो आणि आई जागत बसते. साडेदहाला टर्की ओव्हनमध्ये, एक पन्नासला बाहेर, पावणेतीनला पानं. तीनला राजाचं भाषण. ही प्रथा १९३२मध्ये पाचव्या जॉर्जने रेडिओवरून सुरू केली. लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षीचं.

जेवून लगेच निघा, कारण ३:५५च्या सुमारास सूर्य मावळतो. हाइड पार्क कॉर्नर, बकिंगहॅम पॅलेस, त्यापुढचा ‘द मॉल’ नावाचा रस्ता, ट्रफाल्गार चौक. परत रीजंट स्ट्रीटच्या दिव्यांखालून. आठ-नऊ किलोमीटर होतात. ट्रफाल्गार चौकातलं नाताळचं झाड १९४७पासून दरवर्षी ऑस्लो शहर भेट पाठवतं. एरवी माणसांनी भरलेले हे रस्ते त्या संध्याकाळी जवळजवळ रिकामे असतात, आणि लंडन इतकं शांत वर्षात इतर कुठल्याही दिवशी मिळत नाही. फक्त सार्वजनिक शौचालयांचा भरवसा धरू नका, घरूनच जाऊन निघा. पाय थकले तर सँटँडरच्या भाड्याच्या सायकली त्या दिवशीही मिळतात. जेवण चुकलंच तर चायनाटाउनमधली बरीच हॉटेलं उघडी असतात.

ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी २४ ते २६ बंद, त्यामुळे संग्रहालयं २७ला ठेवा. २०२६मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते, म्हणून सुट्टी लांबते: २६च्या सुट्टीची, म्हणजे शनिवारी येणाऱ्या बॉक्सिंग डेची, बदली सुट्टी सोमवारी, २८ला, आणि मधल्या रविवारी मोठी दुकानं सहाच तास. या दिवसांत रेल्वे रुळांची कामं काढते आणि मोठी स्टेशनंही बंद ठेवते. बाथ किंवा एडिनबराला जायचं असेल तर तारीखवार वेळापत्रक बघूनच तिकीट घ्या.

उरलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि दोन दिवसांत संपली पाहिजे. २६ला तिचा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा; भाजलेलं मांस अगदी शेवटी टाकून खळखळून एक उकळी द्या, आधी टाकलं तर चामट होतं.