तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचा नमुना फुकट का विणून देता?

पैसे मिळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. शेजारच्या काकी विचारतात, "ह्या उकाड्यात लोकर कित्याक गो विणतंस? पैशे तरी गावतत काय?" तुम्ही विचारता, "टेस्ट निटिंगचं मानधन किती?" प्रश्न एकच.

टेस्ट निटिंगचं काम असं असतं. डिझायनर नवा नमुना, म्हणजे कपडा कसा विणायचा याची कृती, लिहिते आणि विकायला काढण्याआधी वेगवेगळ्या मापांत काही जणींकडून विणून घेते. नमुना फुकट, लोकर आपल्या खर्चाची, मुदत तिची. आकडेमोड तपासणारी माणसं वेगळी. त्यांना टेक एडिटर म्हणतात आणि त्या कामाचे पैसे घेतात. आम्ही तपासतो ती वाक्यं. लिहिलंय तेवढंच वाचून स्वेटर उभा राहतो का, एवढंच बघायचं.

आणि इथं चांगलं विणता येणंच आडवं येतं. हाताला सवय असली की चुकीच्या ओळीतूनही बरोबर स्वेटर बाहेर पडतो. आईच्या वहीत "मीठ अंदाजाने" लिहिलेलं असलं तरी आपल्या आमटीचं काही अडत नाही, तसंच. पण नमुना विकत घेणारीला तो अंदाज नसतो. म्हणून टेस्ट करताना हाताला गप्प बसवायचं आणि कागद म्हणेल ते करायचं.

सध्याचंच घ्या. वरून खाली विणत यायची, पुढे बटणांची, बिनबाह्यांची बंडी. आपल्याकडे आया-मावश्या खालच्या बॉर्डरपासून वर जायच्या. पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, शेवटी शिवण. इथं पाठ खांद्यापासून मुंढ्यापर्यंत, म्हणजे काखेपर्यंत, खाली आणायची, मग त्याच खांद्यांवरचे टाके उचलून पुढचे दोन भाग विणायचे. मुंढ्याखाली तिन्ही भाग एका वायरच्या सुईवर (दोन टोकं लवचिक वायरने जोडलेली सुई) जोडले की शेवटपर्यंत एकच सलग विणकाम, बाजूला शिवण नाही.

तर पुढच्या भागाला लिहिलं होतं: खांद्यापासून १४ सेंमी होईपर्यंत विणा, मग मुंढ्याच्या बाजूला टाके वाढवायला लागा. आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात: हे करत असतानाच, चौथ्या सेंमीपासून गळ्याच्या बाजूला दर चौथ्या ओळीला एक टाका वाढवत राहा. म्हणजे तुम्ही १४ सेंमीवर पोचलात तेव्हा कळणार की व्ही गळा १० सेंमी मागेच सुरू व्हायला हवा होता! मुरलेली विणणारी आधी सगळा कागद वाचते, तिला हे खटकणारही नाही. मी मुद्दाम ओळीमागून ओळ विणत गेले, १४ सेंमीची सरळसोट पट्टी झाली, तिचा फोटो काढून पाठवला. मग उसवलं. डिझायनरने "हे करत असतानाच" ते वाक्य उचलून वर नेलं. मला या एका वाक्याच्या हलण्यात जी मजा येते, तेच माझं मानधन समजा. येत नसेल त्यांनी या वाटेला जाऊ नये, खरंच.

मापाचा तुकडा, म्हणजे टाके मोजायला आधी विणायचा लहान चौकोन, मात्र कंटाळवाणा असतो, आणि त्याला पर्याय नाही. नमुन्यात १० सेंमीला २२ टाके आहेत. माझे २३ आले तर २२० टाक्यांचा घेर १०० सेंमीऐवजी ९६ सुद्धा भरत नाही. एका टाक्यापायी बटणं ताणायला लागतात. तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजायचा, आणि आषाढात वेंगुर्ल्याला तो वाळतो कुठे? पंख्याखाली पसरावा तर वीज जाते. बरं, आईच्या सुयांवरचा ८ आकडा म्हणजे जुन्या इंग्रजी मापाने ४ मिमी. अमेरिकेचा ८ म्हणजे ५ मिमी. नुसता नंबर वाचून सुई उचलली की घोळ. मी मिमी छापल्याशिवाय नमुना घेतच नाही.

लोकर म्हणताना मी सुतीच धागा घेते, डिझायनरला आधी विचारून. इथल्या दमटपणात हात घामेजतात, लोकरीचा धागा बोटावरून सरकत नाही. सुताला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो आणि ते जड, म्हणून कपडा अंगावर खाली ओघळतो. त्यावर वरून विणण्याचा मोठा फायदा असा, की उंची सगळ्यात शेवटी ठरते. टाके बंद करायचे नाहीत, लांब वायरवर घ्यायचे, बंडी रात्रभर हँगरला लटकवायची, सकाळी मोजायची आणि मग बॉर्डर. बटणपट्टीला दर ४ ओळींमागे ३ टाके उचलायचे. जास्त उचलले तर पट्टी लाटांसारखी होते, कमी उचलले तर पुढचा भाग वर खेचला जातो. सुतात कुठला आकडा बसतो हेही कळवते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर वजन करून धागा किती लागला तेसुद्धा.

घालणार कोण? घरचेच. पौषात पहाटे मोहोरावर फवारणीला जाताना गारठा असतो, नऊला घाम फुटतो. तिथं डोक्यातून काढायचा स्वेटर काय कामाचा? बटणं हवीत. काज डावीकडे की उजवीकडे, ते घालणाऱ्यावर ठरवा.

फुकट काम म्हणजे शोषण, असंही एकीने लिहिलंय. काही वेळा ते खरंच असतं. आकडे कुणाकडून तपासून न घेता कच्चा नमुना द्यायचा, मुदत इतकी कमी की विणणारीची मान धरावी, आणि विक्रीच्या दिवशी चांगले फोटो हवेत. त्यांना चाचणी नको, जाहिरात हवी असते. मी आधीच विचारते: आकडे तपासलेत का, आणि मी काही कळवलं तर बदलायला तुमच्याकडे वेळ आहे का? उत्तर गोलगोल आलं की नाही म्हणते.

राहिला तुमच्यातल्या निम्म्यांचा प्रश्न, "नमुना पाठवता का?" नाही. प्रसिद्ध होईपर्यंत तो बाहेर द्यायचा नाही असं कबूल केलेलं असतं, आणि प्रसिद्ध झाल्यावर त्यावर तिचं पोट असतं. विकत घ्या. मुंढ्यापाशी अडलात तर मला जरूर विचारा.